हाकेचा हक्क

गारखेड्याच्या शिवारात त्या साली चैत्रातच विहिरीनं तळ दाखवला, तेव्हा कडूबा आणि दाऊद या दोघांनी तो तळ आणखी खाली न्यायचं ठरवलं. विहीर कडूबाच्या रानात होती, पण पाण्याची पाळी दोघांची. तीन दिवस कडूबाच्या वांग्यांना पाणी, चौथ्या दिवशी दाऊदच्या कांद्याला. ही वाटणी दोघांच्या बापांनी केलेली. कागद कुणाकडंच नव्हता, त्यामुळं भांडणही नव्हतं.

दाऊद खाली, कडूबा वर. दाऊद पहारीनं मुरूम उचकटायचा, घणानं दगड फोडायचा, पाटी भरायचा. वर कडूबा आणि त्याचा सालदार सांडू चाकावरून दोर ओढून ती पाटी काढायचे. डोक्यावर ऊन, हातात काथ्याचा दोर आणि तळव्याला फोड. अशा कामात लांबण लावून बोलायला सवड कुणाला असते? एका शब्दाला एकच शब्द.

"हबश्या!" वरून हाक यायची.

"वढ, कुणबटा!" खालून उत्तर.

दिवसातून शंभरदा तरी हे चालायचं. वाटेनं जाणारा नवखा माणूस थबकायचा, आता एकमेकांचा मुडदा पाडतात की काय म्हणून वाट बघायचा, आणि कंटाळून निघून जायचा.

दाऊद ताडमाड उंच, अंगानं काळाकुळकुळीत, केस असे की कंगव्याचेच दात पडावेत. त्याचा कोण खापरपणजोबा समुद्रापलीकडून कुठल्याशा अमिराच्या फौजेत आला होता म्हणे. कोणता अमीर, कोणती फौज, हे सांगणारे मरून गेले. राहिले ते रंग, केस आणि हा एक शब्द. कागदावर तो शेख दाऊद. गावात लहानाला दाऊदचाचा, थोराला दाऊदभाई. हबश्या म्हणणारा माणूस गावात एकच, आणि त्यालाही तो शब्द फुकट मिळाला नव्हता. बारा वर्षांचा असताना ढोरांमागं कडूबानं त्याला पहिल्यांदा हबश्या म्हटलं आणि मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, पुन्हा खाल्ला. तिसऱ्या दिवशी समोरचा दात गेला. रक्त बघून दाऊदच रडायला लागला, आणि कडूबा पडलेल्या दाताच्या फटीतून म्हणाला, "रडतो कामून रं, हबश्या?" त्या दिवसापासून तो शब्द त्याचा झाला. वर 'कुणबट' हा शब्द दाऊदला मिळाला, तो बोनस.

दुसऱ्या कुणाला मात्र मुभा नव्हती. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर गावात एक नवाच शब्द फिरत होता. गावच्या पाटलांच्या, नानासाहेबांच्या, भाच्यानं पारावर बसून दाऊदला मोठ्यानं रझाकार म्हटलं, तेव्हा कडूबानं त्याची टोपी उडवून नालीत टाकली होती. लोकांच्या तोंडातला शब्द कडूबाला लगेच ऐकू यायचा. स्वतःच्या तोंडातला कुणाला ऐकू येतो?

दाऊदची पोरगी जाहेदा अठरा वर्षांची झाली होती. बापासारखी उंच, बापासारखी काळी, आणि कांद्याच्या ओझ्याखाली ताठ चालणारी. ती वच्छलाबाईबरोबर, म्हणजे कडूबाच्या बायकोबरोबर, शहरातल्या शहागंजच्या मंडईत माळवं विकायला बसायची. तिथंच एका सकाळी कमरोद्दीन कंदीलवाल्यांच्या पोरानं, जिलानीनं, तिच्याकडून दोन शेर कांदे घेतले, तेही भाव न करता. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले. दुकानदाराचा पोरगा असून भाव करत नाही म्हटल्यावर वच्छलाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"एवढ्या कांद्याचं काय करता रं बाबा?" तिनं विचारलं. "घरात जेवणावळ हाय का?"

जिलानी लाजला, जाहेदानं तागडीकडं पाहिलं, आणि पंधरा दिवसांत निरोप आला की मुलाचे वडील आणि आत्या शुक्रवारी मुलगी बघायला येतायत.

दाऊदच्या घरात धांदल उडाली. जाहेदाच्या आईनं, हसीनानं, भिंती पांढऱ्या केल्या. वच्छलाबाईनं शेवया दिल्या, पितळी ताट दिलं, कोरी चादर दिली. चादर देताना हसीना तिच्या कानाशी लागली.

"वैनी, एक काम करो. उस दिन कडूभाई कू विहिरीवरच ठेवा. ते आले की अंगणभर चिखल, आन आवाज असा की कुत्रे उठते."

"ठिवते बांधून," वच्छलाबाई म्हणाली.

तिनं नवऱ्याला बजावलं, सांडूलाही बजावलं. शुक्रवारी दाऊद धुतलेल्या सदऱ्यात घरी राहिला, आणि त्याच्या जागी कडूबा स्वतः विहिरीत उतरला. आता माणसाचं नशीब बघा. महिनाभर दाऊदनं पहार मारली तेव्हा काही नाही, आणि कडूबानं तिसऱ्याच घावाला दगडाची एक चीप उपटली, तर तिच्याखालून करंगळीएवढं पाणी आलं. थंडगार. त्यानं ओंजळीत धरलं, तोंडाला लावलं, डोक्यावर घेतलं. मग त्याला पाहुणे आठवले नाहीत, बायको आठवली नाही. चिखलानं माखलेला, नुसत्या धोतरावर, तो वर चढला आणि बांधावरून पळत सुटला.

अंगणात कमरोद्दीन बाजेवर चहाची बशी तोंडाला लावत होते. शेजारी त्यांची बहीण. दाऊद अदबीनं समोर उभा. जाहेदा शेवयांचं ताट घेऊन उंबऱ्यात आलेली.

"अय हबश्याऽऽ!" कडूबा फाटकातूनच गरजला. "पाणी लागलं रं, हबश्या! अगं ए हबश्याची पोर, बघती काय, गूळ आण!"

दाऊदनं पाणी लागलं एवढंच ऐकलं. तो खदखदून हसला आणि धुतलेल्या सदऱ्यानिशी कडूबाला मिठीत घेऊन गरगर फिरला. फिरता फिरता त्याला बाजेवरची माणसं दिसली आणि तो थांबला.

कमरोद्दीननी बशी खाली ठेवली होती. चहा अर्धाच संपला होता.

"हबश्या?" ते हळूच म्हणाले. दाऊदकडं पाहिलं, मग कडूबाकडं, आणि उठले. "अच्छा. कहला भेजेंगे."

टांगा गेला. हसीना भिंतीला टेकून बसली. जाहेदानं ताट खाली ठेवलं आणि ती सरळ कडूबासमोर येऊन उभी राहिली.

"काका, अब्बानं तुमाला ते नाव दिलं, ते तुमचं. पर मला कुणी इचारलं? मला 'हबश्याची पोर' म्हणायचं म्या कवा दिलं तुमाला?"

कडूबाच्या अंगावरचा चिखल वाळत होता. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसतही नव्हती. त्याला वाटलं, पाणी लागलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी कडूबानं ठरवलं, आता हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मरेपर्यंत नाही. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं.

"दाऊदभाई," त्यानं विहिरीत वाकून हाक मारली, "पाटी भरली का?"

खाली घणाचे घाव चालूच राहिले.

"दाऊदभाई?"

"वर कोण हाय?" दाऊदनं विचारलं.

"म्याच."

"तब्येत बरी हाय का तुजी?"

"बरी हाय, दाऊदभाई."

पाटी वर आली, रिकामी झाली, खाली गेली. दुपारी दाऊद भाकरी खायला वर आला, तेव्हा कडूबानं त्याच्यासाठी घोंगडी अंथरली आणि "बसा," म्हणाला. हे ऐकून सांडूच्या हातातला कांदा पडला.

"बसा?" दाऊद म्हणाला. "म्या काय मेलो? का तू मला रानातून उठवायलास?"

"इज्जतीनं बोलायलो."

"बत्तीस वर्सांत तुला माजी इज्जत सापडली नव्हती व्हय? आजच कुठून घावली?"

कडूबा मान खाली घालून भाकरी चावत राहिला. जवळच्या माणसाला हाक मारायला आपल्याकडं दुसरं नावच नाही, हे त्याला या वयात कळत होतं.

तिसऱ्या प्रहरी भरलेली पाटी अर्ध्यावर आली असताना काठावरचा एक दगड डुगडुगला. कडूबानं तो पाहिला. तोंडातून नेहमीचा शब्द येणार, तो त्यानं दातांत धरला.

"दाऊद... भाई, जरा..."

दगड सुटला आणि दाऊदच्या टाचेजवळ चिखलात रुतला. एरवी वरून "हब" एवढं ऐकू आलं तरी दाऊदची पाठ आपसूक भिंतीला चिकटायची. बत्तीस वर्षं त्याचं अंग त्या हाकेवर चालत आलं होतं. 'दाऊदभाई' ऐकून ते जागचं हललंच नाही. वर कडूबानं दोर सांडूकडं सोपवला आणि काठावर पालथं पडून खाली पाहिलं.

खालून दाऊदचा आवाज आला. "कुणबटा! मारतो का मला, इज्जत देऊ देऊ?"

आता हे निस्तरलंच पाहिजे, असं कडूबाच्या मनानं घेतलं. रिश्ता आपल्या तोंडानं मोडला, आता तोंडानंच जोडायचा. रविवारी तो वांग्यांची गाडी घेऊन शहागंजला निघाला. गाडीत वच्छलाबाई आणि जाहेदा होत्या, बैलांपुढं सांडू. काय बोलायचं ते त्यानं वाटेतच जुळवलं होतं आणि बायकोलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तिनं गाडी माघारी वळवली असती.

कमरोद्दीनचं दुकान मंडईच्या तोंडाशीच होतं. काचा लखलखत होत्या. कडूबा वहाणा काढून आत गेला. त्याच्या मागं वच्छलाबाई आणि जाहेदा पायरीशी उभ्या राहिल्या. जिलानी काच पुसत होता, तो पुसतच राहिला.

"राम राम, भाईसाब," कडूबा म्हणाला. "त्या दिशी तुमचा गैरसमज झाला. म्या हाक मारली ती दाऊदभाईला नव्हती. माज्या बैलाचं नाव हाय ते. काळा हाय ना, म्हून हबश्या म्हंतो त्याला."

कमरोद्दीननी चष्म्यातून बाहेर पाहिलं. गाडीला दोन बैल जुंपलेले, दोन्ही पांढरेशुभ्र.

"ये तो सफेद हैं."

"काळा घरी हाय."

सांडू इमानी गडी. बाहेरून त्यानं ऐकलं आणि मालकाला मदत व्हावी म्हणून मोठ्यानं विचारलं, "मालक, काळा बैल कवा घेतला आपुन?"

वच्छलाबाईनं कपाळावर हात मारला. जिलानीनं काचेआड तोंड लपवलं. कडूबाचे कान लाल झाले. तेवढ्यात जाहेदा डोक्यावरचा पदर नीट करून पायरी चढली.

"चाचा, बैल-वैल कुछ नहीं. मेरे अब्बा कूच पुकारे उनों. हम हबशी हैं. दादा हबशी, परदादा हबशी. छुपाने का क्या उसमें? आप कू नक्को, तो नक्को बोलो. मगर काका कू झूट बोलना पड़ा, ये मेरे कू अच्छा नहीं लगा."

कमरोद्दीननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बेटी, रंग का मेरे कू क्या करना?" ते म्हणाले. "मैं हबशी सुनके नहीं उठा. एक जमीनवाला आया, मेहमानां के सामने तेरे बाप कू ऐसा पुकारा, और तेरा बाप हँसा. मेरे कू लगा, डर के हँसा." ते थांबले. "पोलीस ॲक्शन के उन दिनां में इसी दुकान के सामने लोगां मेरे कू क्या क्या नहीं बोले. मैं भी हँसा. खड़ा रहके हँसा. वो हँसी मैं पहचानता हूँ. मैं बोला, जिस घर में बाप ऐसा हँसता, वहाँ मेरा लड़का भी कल वैसाच हँसना सीखेगा."

कडूबाला सगळे शब्द कळले नाहीत, पण अर्थ पोचला. तो वहाणा विसरून बाहेर आला आणि गाडीच्या दांडीवर बसला. त्या दिवशी वांगी कशी विकली, हे त्याला आठवत नव्हतं. घरी येईपर्यंत तो एकच विचार करत होता. पारावर त्या पोराची टोपी उडवली, तेव्हा आपण केवढी शेखी मिरवली होती. आणि दाऊद आपल्याला भिऊन हसत असला तर? बत्तीस वर्षांत एकदा तरी?

गाडी सोडल्याबरोबर तो विहिरीवर गेला. दाऊद काठावर बसून पहारीचं टोक दगडावर घासत होता.

"खरं सांगशील का?" कडूबा म्हणाला. "म्या हबश्या म्हंतो, तवा तू भिऊन हसतो का रं?"

दाऊदनं पहार बाजूला ठेवली. कडूबाच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "तुजा दात कुणी पाडला?"

"तू."

"भिऊन पाडला का?"

कडूबा हसला नाही. दाऊदनं हातावरची माती झटकली. मग म्हणाला, "येक डाव भ्यालो हुतो. पोलीस ॲक्शनच्या येळी, ते आठ दिस. तवा तू रोज फाटकात येऊन बोंबलायचा, अय हबश्या, चल रानात. आख्खं गाव ऐकायचं. हसीना म्हणायची, कडूभाई बोंबलते, म्हंजे बाहेर सगळं ठीक हाय. त्या आठ दिसांत तू गप बसला असता, तर म्या मेलो असतो, भिऊन."

कडूबानं उपरणं तोंडाला लावलं आणि तो हमसून हमसून रडला. दाऊदनं त्याला रडू दिलं. मग पाठीत एक गुद्दा घालून म्हणाला, "पर पोरीला म्हणू नगंस. तिचं तिनं ठरवायचं. म्या बाप असून तिच्या वतीनं देऊ शकत नाय."

"नाय म्हणणार," कडूबा म्हणाला. "आईच्यान नाय."

जाहेदा भाकरीचं गठुडं न्यायला आली, तेव्हा त्यानं तिला हाक मारली. "जाहेदाबाई." तिनं वळून पाहिलं. "चुकलो," तो म्हणाला.

"जाहेदा म्हणा नुसतं," ती म्हणाली. "बाई म्हणल्यावर म्हातारी झाल्यावानी वाटतं." आणि ती हसली. कडूबाच्या छातीवरचं ओझं उतरलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, बांधावरून कमरोद्दीन चालत आले. शेरवानी, टोपी, हातात छत्री. मागं सायकल धरून जिलानी. तो लिंबाखालीच थांबला, कारण तिथून विहीर दिसत नसली तरी जेवणाची भांडी घासणारी जाहेदा दिसत होती.

"जाहेदा बेटी मंडी में बोली, वो हँसी डर की नहीं थी. मैं सुनने कू आया," कमरोद्दीन म्हणाले.

कडूबाला काही सुधरेना. हुकमावरून हाक मारायची तरी कशी? पण खाली पाटी भरली होती आणि कामाला पाहुणा माहीत नसतो. तो वाकला.

"हबश्या!"

"वढ, कुणबटा!" विहीर घुमली. "सकाळधरनं हात मोडले का तुजे? बायकूनं भाकर घातली नाय का? वढ, ढेकळ्या, दिस बुडायला आला! तुज्यापरीस सांडू बरा, त्याला निदान दोन्ही हात हायेत!"

दाऊदला वर कोण उभं आहे याचा पत्ताच नव्हता. त्यानं कडूबाच्या चालण्याचा, पागोट्याचा आणि वांग्यांच्या किडीचा यथास्थित उद्धार केला. कमरोद्दीननी सुरुवातीला छत्री घट्ट धरली होती. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते मटकन दगडावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी थांबेनात. कित्येक वर्षांचं साठलेलं हसत असावेत. जिलानी घाबरून पळत आला, जाहेदाही आली.

"अब्बा?"

"कुछ नहीं," ते म्हणाले. "ठीक है. सब ठीक है. तारीख निकालो." आणि त्या आनंदाच्या भरात ते उठले, विहिरीच्या काठावर वाकले आणि मोठ्यानं ओरडले, "ओ हबश्या!"

खालचा घण थांबला. कडूबाच्या हातातला दोर थांबला. सांडू आभाळाकडं बघायला लागला. विहिरीतून पाझराचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"वर कोण हाय?" दाऊदनं विचारलं. आवाज कोरडा होता.

"व्याही हायेत," कडूबा म्हणाला. "नवीन हायेत."

कमरोद्दीन सरळ उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला. जाहेदा त्यांच्याजवळ गेली आणि थोरल्या माणसाला सांगावं तसं अदबीनं म्हणाली, "अभी नहीं, चाचा."

"गलती हुई, बेटी?"

"गलती नहीं. जल्दी हुई."

"घाई करू नका," कडूबानं तोंड उघडून पडलेल्या दाताची फट दाखवली. "मला ह्ये द्यावं लागलं, भाईसाब. तुमचे अजून समदे हायेत."

कमरोद्दीन क्षणभर बघत राहिले आणि पुन्हा हसले, पण आता बेतानं. "तो मैं क्या पुकारूं?"

"दाऊदभाई," जाहेदा म्हणाली. "आप कू वही जँचता."

त्यांनी शेरवानी काढून जिलानीकडं दिली, बाह्या वर सारल्या आणि कडूबाच्या शेजारी उभं राहून दोराला हात घातला. मग खाली वाकून म्हणाले, "दाऊदभाई, खींचूं?"

"जी, भाईसाब," खालून मऊ आवाज आला. "खींचिए. आहिस्ता."

कडूबाचा दोरावरचा हात सुटला.

"जी?" तो विहिरीत ओरडला. "बत्तीस वर्सांत मला येकदा तरी 'जी' म्हणला का रं, हबश्या?"

"वढ, कुणबटा!"

जाहेदा हसता हसता काठावरच बसली. जिलानीनं शेरवानी तिच्याशेजारी दगडावर ठेवली आणि तोही दोराला लागला. सांडू धरून चौघांनी मिळून पाटी वर काढली.